कडूबादादाचा साचा

त्या दिवशी शहरातल्या पुंडलिकनगरातून प्लास्टरची पोती घेऊन मी गावी, करमाडला परतलो, तर साळूवहिनी माझ्या शेडच्या दारातच बसलेली. मूर्तिकाराकडे लोक ऑर्डर घेऊन येतात; ही बाई भांडण घेऊन यायची.

काम शहरातल्या एका प्रदर्शनाचं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी इटलीत व्हेसुव्हियस फुटला आणि पॉम्पेई नावाचं रोमन शहर राखेखाली गाडलं गेलं. माणसं कुजून गेली, पण राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. पुढे कुणीतरी त्यांत प्लास्टर ओतलं आणि मेलेली माणसं होती तशी बाहेर आली. मला तसाच एक माणूस करायचा होता. म्हणून वहिनीच्या नवऱ्याला, माझ्या थोरल्या कडूबादादाला, कुशीवर निजवून, नाकावर हात धरायला लावून, मी त्याच्या अंगाचा साचा घेतला होता. साच्यातून तो धापा टाकतच निघाला. दमा त्याला आधीपासूनच होता. महिन्याभरात झोपेतच गेला.

"आजबी पाऊल नाय उमटलं," वहिनी म्हणाली.

आमच्याकडे माणूस गेला त्या जागी राख पसरतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी राखेत पाऊल दिसलं, की जीव सुटला असं समजतात. दहाव्यापासून ही रोज राख पसरत होती.

"भाऊजी, ते तुमच्या साच्यात अडकल्यात. फोडा तो."

"आणि प्रदर्शनवाल्यांना काय देऊ? तुमचं डोकं?"

"आतून खोकत्यात वो ते... मी ऐकलंय..."

माझं टाळकंच सरकलं. साच्याचा वरचा भाग धाडकन बाजूला केला. "बघा! कोण आहे आत?" असं ओरडून मीच खालच्या भागात आडवा झालो, दादासारखाच, नाकावर हात धरून.

इतके दिवस बंद असलेला साचा गार लागायला हवा होता. तो कोमट होता. जळक्या राखेचा वास आला, आणि खरं सांगतो, कुणीतरी सरकून मला जागा करून दिल्यासारखं वाटलं.

मी हसतच उठलो. वहिनी हसली नाही. तिनं डोक्यावर पदर ओढला आणि दारातून बाजूला झाली, कुणाला तरी वाट द्यावी तशी.

त्याच संध्याकाळी मी साच्यात प्लास्टर ओतलं.

सकाळी ती रडत, हसत धावत आली. "पाऊल उमटलं, भाऊजी! मोकळे झाले ते!"

चला, कटकट गेली, म्हणत मी साचा उघडला. माणूस छान निघाला होता. नाकावर हात तसाच. फक्त करंगळी वाकडी होती.

दादाची बोटं सरळ होती. ही वाकडी करंगळी माझी, लहानपणी कडबा-कुट्टीच्या यंत्रात सापडलेली. दिवा जरा जवळ घ्या, हा हात बघा.

वहिनीनंही ती बघितली. तशीच निघून गेली.

घरी आलो तर माझ्या खाटेखाली राख पसरलेली, वर तीच टोपली पालथी. मी वहिनीवर खेकसलो. ती देवाची शपथ घेऊन सांगते...

"म्या नाय ठेवली."