मानकोलीचा डोझर मागे येईना

मामंजींच्या गोष्टी खऱ्या असतात, असं ते स्वतःच सांगतात. म्हणून मला संशय येतो. मी सायन्स शिकलेली. बाळाला शिंक आली तरी आधी थर्मामीटर शोधते आणि मग गुपचूप मीठ-मोहरी उतरवते. तेव्हा संशय नक्की कोणाचा घ्यावा, हेही मला नीटसं कळत नाही. तरी त्या रात्री अंजूरला, ओटीवर धाकट्या दिरांच्या शेजारी, बाळाला मांडीवर घेऊन मीही ऐकत बसले.

"हारून मिस्त्री माझा दोस्त," मामंजी म्हणाले. "गिअरबॉक्सशिवाय दुसरी बात न्हाय. बाता मारनारा मानूस न्हाय त्यो."

त्र्याण्णव सालची मार्गशीर्ष अमावास्या. मानकोलीला गोदामासाठी खाडीकाठच्या खाजणात भराव चालला होता. तिथला डोझर पुढे जायचा, पण मागे येत नव्हता. काम घेतलेल्या शेठचा आरोप असा, की ड्रायव्हर चिंधूने चांगलं ऑइल विकलं, भलतंच ओतलं आणि गिअरबॉक्स जाळला. तपासायला बोलावलेल्या हारूनने नुसती मान डोलावली असती तरी सकाळी चिंधूचं काम गेलं असतं. हारूनही मनात तोच शक धरून रात्री साइटवर पोचला.

"ऑइल कुठं विकलंस, ते आधी बोल."

"शेठनं काय पढवून धाडलंय, ते तुमी आधी बोला, चाचा."

हारूनने थोडं ऑइल पांढऱ्या फडक्यावर घेऊन हुंगलं. क्लचच्या प्लेटी जळल्या असत्या, तर करपट वास आला असता. ऑइल स्वच्छ होतं. चाळणीत लोखंडाचा कीस नव्हता. प्रेशर बरोबर. चिंधूने रिव्हर्स टाकला. इंजिन गुरगुरलं. मशीन जागचं हललं नाही.

मग हारूनने लांब सळई काढली. एक टोक गिअरबॉक्सला टेकवलं, दुसरं कानाला. आत गिअरचा दात तुटला असला तर सळईतून खडखड ऐकू येते. तीही नव्हती.

"बंद कर," तो म्हणाला.

इंजिन थांबलं. सळई कानालाच राहिली होती.

थप... थप... थप...

"काय ठोकतोस रे?"

"मी सीटवर हाय, चाचा. हात मांडीवर हायत."

थप... थप...

लोखंडाचा आवाज नव्हता तो. मऊ होता. तळहाताचा. मूल निजवताना थोपटतात, तसा.

बाळाच्या पाठीवरचा माझा हात थांबला. मामंजींनी पाहिलं.

"तुझ्याआधी हितं कोन होता?" हारूनने विचारलं.

"होता एक डायवर. रातोरात गावाला पळाला."

"का?"

चिंधूने मागे वळून पाहिलं. खाडीकडून वारा आला, थांबला.

"कामावरच्या बाया..." तो हळू म्हणाला, "दिवसा पोरांना मशीनच्या सावलीत निजवतात, चाचा. मागल्या बाजूला. त्यानं न बघता मशीन मागं घेतलं."

हारून टॉर्च घेऊन मागे गेला. कोणी नव्हतं... तो परतला आणि चिंधूला म्हणाला,

"पुढं घे. लांबून वळव. मागं... घेऊ नको."

उजाडताच शेठ आला.

"गिअरबॉक्स चांगला हाय, शेठ. डायवरपन."

"किती मिळालं तुला चिंधूकडून?" शेठ हसला. "मग मशीन मागं का येत नव्हतं?"

रात्री डोझर उभा होता, त्याच्या मागच्या बाजूला हारूनने शेठला नेलं. भरावावर सगळीकडे दव पडलं होतं. माती काळी, ओली. मधे एवढीशी जागा मात्र कोरडी. मूल कुशीवर निजेल, एवढी.

शेठ खाली बसला. हात टेकवला.

लगेच उचलला.

चिंधूला तो काही बोलला नाही. त्या दिवशीही नाही, पुढेही नाही. चिंधूचं काम राहिलं.

सूर्य अजून वर यायचा होता. माती ऊबदार होती...