साडेनऊचा फोन

“टेबल नाही हो, पलंग!”

मी हे बोलायला नको होतं. चष्म्याच्या दुकानात मी नंबर तपासून घ्यायला आले होते, माझ्या आधी दोन आजोबा बसले होते, आणि काउंटरमागचा माणूस एक डोळा त्यांच्यावर ठेवून दुसऱ्या डोळ्याने पेपरातलं शब्दकोडं सोडवत होता. आडव्या सातमध्ये त्याने ठसठशीत ‘टेबल’ लिहिलं, तेही पेनाने. मग मला राहवलं नाही.

त्याने मान वर केली. “तुम्हाला विचारलं का कुणी?”

“नाही. पण बघवेना.”

“‘पाय असून चालत नाही, तीन अक्षरी.’ टेबलाला पाय नसतात?”

“असतात ना. पण उभ्या सातचं काय करणार? त्याच घरातून सुरू होतो तो. ‘सूर्य उगवण्याआधीची वेळ.’ तुमच्याकडे काय रोज टेहाट होते का?”

दोन्ही आजोबा खुदकन हसले. चष्मेवाला ‘पहाट… पहाट’ असं पुटपुटत खाडाखोड करू लागला. कान चांगलेच लाल झाले होते त्याचे.

“हा कोडं रचणारा ना,” तो आजोबांना म्हणाला, “एक नंबरचा खडूस. घरात कुणी विचारत नसणार. तो राग आमच्यावर काढतो.”

“बाई आहे ती.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मीच ती.”

त्याच्या हातातलं पेन खाली पडलं. ते उचलायला तो वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

आजोबा गेल्यावर माझी पाळी आली. त्याने ती जडशी गोल फ्रेम माझ्या नाकावर ठेवली आणि एकेक काच बदलत विचारू लागला, “आधीची बरी… की ही?”

“ही.”

“आणि आता? ही… की आधीची?”

“अहो, हीच काच तिसऱ्यांदा लावताय तुम्ही.”

“खात्री करून घेतोय.”

“काचेची?”

“…काचेचीच.”

तक्त्यावरची शेवटची ओळ मला तेवढ्यापुरती अजिबात दिसली नाही. नंबराचा दोष नव्हता तो.

चष्मा चार दिवसांनी मिळाला. मग तो कानामागे टोचायला लागला. मग नाकावरून घसरायला लागला. तिसऱ्यांदा मी निघाले तेव्हा ताई दारात उभी राहून म्हणाली, “चष्म्याचे स्क्रू ढिले झालेत की तुझे?” मी आणि ताई एकत्र राहतो. तिच्यापासून काही लपत नाही, आणि लपलं तरी ती शोधून काढते.

तो मला ‘कोडेबाई’ म्हणायला लागला. मी त्याला ‘टेबल’ म्हणायला लागले. दोन महिन्यांत ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं ते कळलंही नाही. तीन वर्षांपूर्वी घटस्फोट झाला हे त्याने दुसऱ्याच भेटीत सांगून टाकलं होतं. आडपडदा म्हणून नाही त्याच्याकडे. मी त्याच्यावर भाळले ती बहुतेक त्यामुळेच.

मग एका सकाळी मी कामावर जाताना सहज दुकानात डोकावले. साडेनऊ वाजले होते. तो फोनवर होता, समोर पेपर उघडलेला, आणि खो-खो हसत होता.

“नाही गं, आडवा बारा तो नव्हेच! तू आधी उभा नऊ बघ…”

गं? मी स्टुलावर टेकले. दहा मिनिटं टेकलेच. फोन ठेवून तो अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, “ती होती. माझी आधीची बायको. रोज असतो हा फोन. कोडं सोडवतो आम्ही.”

“माझं कोडं?”

“दुसरं कुणाचं?”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला! मी रात्रंदिवस चौकटी आखायच्या, कोश धुंडाळायचे, आणि त्यावर या दोघांनी सकाळी गुलुगुलु बोलायचं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच.

“लग्नात आमचं तेवढंच जमायचं,” तो म्हणाला. “बाकी कशातच पटलं नाही. वेगळं झाल्यावर ती फार एकटी पडली. सकाळी दहा मिनिटं बोलली की बरं वाटतं तिला. म्हणून तर तुझंही अजून सांगितलं नाही. मीच फोन घ्यायचा बंद केला तर… वाईट दिसेल ना?”

आणि त्याच आठवड्यात, काउंटरवरच्या काचा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, “माझ्याशी लग्न करशील?”

माझं उत्तर ओठांवर तयार होतं. पण ते बाहेर पडेना. मधे तो फोन होता.

“तू म्हणशील तर उद्यापासून बंद करतो,” तो म्हणाला.

“मी म्हटलं म्हणून बंद केलास तर ती जन्मभर रोज साडेनऊला आपल्या घरात येऊन बसेल. तुला वाटेल, हिच्यामुळे एका एकट्या बाईला तोडलं. मला नको तसलं. मला विचार करू दे.”

केवढा हा मोठेपणा! ताईला सांगितलं तर तीसुद्धा भारावली. पण तोंडाने मोठेपणा केला आणि हाताने चोरी. दुसऱ्या दिवसापासून मी कोडी सोपी करायला सुरुवात केली.

हिशेब साधा होता. कोडं सोपं, तर विचारायला काही नाही. विचारायला काही नाही, तर फोन नाही. ‘आईचा भाऊ, दोन अक्षरी.’ ‘दूध देणारी, दोन अक्षरी.’ लिहिताना माझीच मला लाज वाटत होती, पण मी हट्टाला पेटले होते. एकदा ठरवलं की ठरवलं.

आठवडाभरात पत्रं आली. एका आजीबाईंनी लिहिलं होतं, “आज माझ्या पहिलीतल्या नातीने दूध पिता पिता कोडं सोडवलं. आता दिवसभर मी काय करू ते कळवावे.” पुरवणीचे साहेब ते पत्र माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, “बाई, तब्येत बरी आहे ना?”

आणि फोन? तो थांबणं राहिलं बाजूला, दहाची वीस मिनिटं झाली!

“कोडं दोन मिनिटांत संपतं,” टेबल हसत सांगू लागला, “मग उरलेला वेळ आम्ही कोडेबाईंना नावं ठेवतो. ती म्हणाली, यांचं काहीतरी बिनसलंय.”

मी कपाळावर हात मारून घेतला. बोलायला तोंड कुठे होतं मला?

दोनच दिवसांनी, दुपारी, ऑफिसात एक उंच बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. खांद्याला कापडी पिशवी, हातात कात्रणांचा गठ्ठा.

“शब्दकोडं तुम्हीच करता ना? मी हाडांच्या दवाखान्यात व्यायाम शिकवते. तुमची जुनी वाचक आहे.” तिने कात्रणं माझ्यासमोर पसरली. “हे काय चाललंय? ‘आईचा भाऊ’? आणि मान अशी पुढे काढून बसू नका. दोन वर्षांत दुखायला लागेल.” असं म्हणून तिने सरळ माझे खांदे धरून मागे केले. बोटं चांगलीच दणकट होती.

मी काही बोलणार तोच ती समोरच्या खुर्चीत बसली. “तुम्हाला हसू येईल, पण माझी अडचण वेगळी आहे. मी आणि माझा आधीचा नवरा रोज फोनवर तुमचं कोडं सोडवतो. चष्म्याचं दुकान आहे त्याचं.”

मी समोरची कात्रणं उगाच नीट लावू लागले.

“आम्ही वेगळे झालो तेव्हा तीन महिने त्याने दुकान उघडलं नव्हतं,” ती सांगू लागली. “त्याची आई मला म्हणाली, बायको म्हणून नको, पण ओळखीची म्हणून तरी रोज सकाळी एकदा त्याला बोलतं कर. मग कोडं काढलं मी. त्या निमित्ताने तो उठतो, पेपर उघडतो. तुम्ही ते असं करून ठेवलंत तर मी त्याला विचारू काय? जेवलास का? खरं सांगू, मलाही आता थांबायचंय. पण मी थांबले आणि तो पुन्हा कोसळला तर?”

हा म्हणतो ती एकटी. ही म्हणते तो कोसळेल. तीन वर्षं दोघं एकमेकांना आधार देत बसलेत, आणि मधल्या मधे मी रोज जळतेय!

गप्प बसता आलं असतं मला. हिला एवढंच सांगायचं, तो अगदी ठणठणीत आहे, थांबवा फोन. त्याला कळलंही नसतं. एका वाक्यात काम फत्ते. पण आठवडाभर चोरी करून माझं मन विटलं होतं. आता पुन्हा चोरी नाही.

“मी तुमच्या नवऱ्याला… म्हणजे आधीच्या… ओळखते,” मी म्हणाले. “त्याने मला लग्नाचं विचारलंय. माझं त्याच्यावर प्रेम आहे. आणि कोडी मी सोपी केली ती तुमचा फोन लवकर संपावा म्हणून.”

ती इतक्या मोठ्याने हसली की पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले.

“मग? संपला?”

“कसला संपतोय! तुम्ही दोघं मलाच नावं ठेवत बसलात.”

“ठेवली खरी,” ती डोळे पुसत म्हणाली. “आता मी काय करावं म्हणता?”

“उद्या साडेनऊला फोन करा. मी दुकानात असेन. आत्ता मला सांगितलंत ते त्याला सांगा, आणि तो काय म्हणतो ते त्याच्याच तोंडून ऐका.”

तिचं हसू ओसरलं. “आणि खरं बोलूनही फोन थांबला नाही तर?”

“तर निदान मी कशाला हो म्हणतेय ते मला कळेल.”

ती उठली, कात्रणं पिशवीत भरली, आणि जाता जाता पुन्हा माझे खांदे मागे करून गेली. राग यावा अशी बाई नव्हती ती. तेच तर मला खुपत होतं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी दुकानात हजर. टेबलाला सगळं सांगितलं, माझ्या चोरीसकट. तो आधी हसला. मग त्याने माझा चेहरा बघितला.

“एवढा त्रास झाला तुला?”

“झाला. खूप झाला. तू हसलास ना तिच्याशी, की मला रडू यायचं.”

तो काउंटरच्या या बाजूला आला. काहीतरी बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. साडेनऊ. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि स्पीकर लावला.

“आज कोडं नको,” पलीकडून ती म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं. दुकान, तीन महिने, त्याची आई… सगळं.

तो ऐकताना खुर्चीवर बसला. “अगं, मी केव्हाचा बरा आहे! मी तर तुझ्यासाठी घेत होतो फोन. तू एकटी पडलीस म्हणून.”

“मी? एकटी? माझ्याकडे दिवसाला बावीस पेशंट असतात! घरी येऊन झोपले की सकाळ!”

“म्हणजे तीन वर्षं आपण एकमेकांवर उपकार करत होतो?”

“धन्य आहे आपली!”

दोघंही हसले. मग हसू थांबलं. फोन तसाच चालू.

“मग… बंद करायचा?” तिने विचारलं.

तो काचेवर बोट फिरवत राहिला, आणि मला लख्ख कळलं. उपकार वगैरे काही नव्हतं. त्याला ती दहा मिनिटं हवी होती. तिलाही हवी होती. लग्न मोडलं तरी त्यातली तेवढी एक चांगली गोष्ट दोघांनी जपून ठेवली होती. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच वाईट वाटलं. दार उघडून तडक निघून जावंसं वाटलं.

पण पळून जायला मी आले नव्हते. मी वाकून फोनजवळ तोंड नेलं.

“रोज नाही चालणार मला,” मी म्हणाले. “सकाळी त्याला बोलतं करायचं काम आता माझं. सहा दिवस माझे. रविवारचं कोडं मोठं असतं, ते तुम्ही दोघं सोडवा.”

ती हळूच म्हणाली, “सोपं नाही ना करणार?”

“मुळीच नाही. डोकं फुटेल असं करीन.”

“मग वेळ लागेल हं आम्हाला.”



“लागू दे.”

फोन बंद झाला. टेबल माझ्याकडे बघत होता. डोळे भरलेले, आणि कान… परत लाल.

“सहा दिवस माझे, म्हणालीस,” तो अडखळत म्हणाला. “म्हणजे… मी जे विचारलं होतं… त्याचं…”

“अरे, आता तरी सरळ वाक्य बोल!”

त्याने माझा हात हातात घेतला. “लग्न करशील माझ्याशी?”

“हो,” मी म्हणाले. “रविवारसकट.”