चाकामागचा दगड

हे खरं आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मी काही कुणाच्या पाया पडत नाही. पण डोणगावच्या पुढच्या चढावर आमच्या प्रसेनजितसोबत जे झालं, ते गेल्या मे महिन्यात, भर दुपारी दीड वाजता झालं. अंधारात भास झाला म्हणायची सोय नाही.

प्रसेनजित माझा आतेभाऊ. आमच्या घरात भूत हा शब्दच चालत नाही. त्याची भीती वेगळी होती, आणि ती त्यानं वर्षभर कुणाला सांगितली नव्हती.

आदल्या वर्षी याच चढावर त्याची गाडी पंक्चर झाली. मागून येणाऱ्यांना दिसावं म्हणून त्यानं कडेचे चुना लावलेले दगड उचलून रस्त्यावर मांडले. टायर बदललं आणि निघून गेला. दगड तसेच.

आपल्याकडे सगळेच असं करतात. म्हणे घाई असते.

त्या रात्री एक मोटरसायकलवाला त्या दगडांवर गेला. जागीच गेला.

तेव्हापासून प्रसेनजितनं डिक्कीत संसार मांडला. जॅक, पाना, हवेचा पंप, बॅटरी, लाल त्रिकोण, चाकामागं लावायला लाकडी ठोकळे. पुन्हा दगडाला हात लावायचा नाही, एवढंच डोक्यात. त्याची बायको समता हसायची. "आता पंक्चरचं दुकानच टाका."

त्या दुपारी समताला कळा सुरू झाल्या. दोघं मेहकरच्या दवाखान्याकडे निघाले. तिचा भाऊ धम्मरत्न गोधड्या घेऊन मोटरसायकलवर मागून येणार होता.

चढावर टायर बसलं.

तीच जागा...

त्यानं डिक्की उघडली. जॅक होता. पाना होता. त्रिकोण नव्हता. ठोकळे नव्हते. सकाळीच त्यानं सगळं हात लावून पाहिलं होतं.

चढावर चाकामागं काही न लावता जॅक लावला तर गाडी मागं जाणार. आत समता तळमळत होती.

कडेला चुना लावलेला एक दगड पडला होता.

"एकच," तो स्वतःशी म्हणाला आणि चाकामागं ठेवला. हात भाजला.

नट खोलायला बसला, आणि मागून आवाज आला.

ठक...

रस्त्यावर दुसरा दगड. माणूस नाही, ढोर नाही, सावलीसुद्धा नाही.

ठक... तिसरा.

"अहो, मांगं कोन आहे?" समता कण्हत म्हणाली. "कोनीतरी दगड मांडून राह्यलं."

"कोनी नाही. तू डोळे मिट."

लांबून मोटरसायकलचा आवाज यायचा. चढाच्या खाली येऊन बंद पडायचा. पुन्हा यायचा... धम्मरत्न नव्हता तो. तो तर आत्ताच घरून निघाला होता, तसा त्याचा फोन आला होता.

आणि प्रसेनजितला कळलं, या वेळी दगड कुणासाठी मांडले जाताहेत ते.

त्यानं चाक बसवलं, जॅक काढला आणि धावला. एकेक तापलेला दगड उचलून शेतात फेकला. तळहातांची सालं निघाली.

"चला ना हो, मले नाही सहन होत."

शेवटचा फेकला. रस्ता साफ दिसला. गाडीत बसला आणि सुसाट निघाला.

दवाखान्यात समताला आत नेलं. तो बाकावर टेकला, सोललेले हात पाहत. आणि एकदम आठवलं.

चाकामागचा दगड.

तो गाडीखाली होता, म्हणून दिसला नाही. गाडी पुढं आली आणि तो रस्त्यावर राहिला.

धम्मरत्नला फोन लावला. रिंग जात होती... उचलत नव्हता. पुन्हा लावला. पुन्हा. परत जावं तर आत बायको. इतका मी जन्मात घाबरलो नाही, असं तो मला म्हणाला.

मुलगी झाली. नर्सनं आणून दाखवली तरी त्याची नजर दाराकडंच.

आणि दारातून धम्मरत्न आला, धडधाकट. प्रसेनजितला रडूच फुटलं.

"फोन काऊन नाही उचलला बे?"

"गाडीवर आयकू नाही आला, भाऊजी." त्यानं गोधड्यांच्या पिशवीत हात घातला. "हा घ्या तुमचा."

चुना लावलेला दगड.

"चढावर एका मानसानं थांबवलं. म्हणे, तुमचे भाऊजी विसरले, त्याईले देजा. मांगच्या साली भी विसरले होते म्हणे."

"कसा होता दिसायले?"

"तोंडाले दुपट्टा होता. नाही दिसला." धम्मरत्ननं पिशवी बाकावर ठेवली. "पोरगी झाली ना, भाऊजी?"

"तुले कोनं सांगतलं?"

"त्यानंच. म्हणे, पोरगी झाली त्याईले. ते पोरगी भी कधीतरी याच रस्त्यानं येईन."

संध्याकाळी डिक्की उघडली तर त्रिकोण आणि ठोकळे जागच्या जागी होते.

दगड त्यानं फेकला नाही. फेकणार कुठं? कुठंही फेकला तरी कुठल्यातरी रस्त्याच्या कडेलाच पडणार. तो कपाटावर ठेवलाय, पोरीचा हात पोचणार नाही असा.

परवा मी गेलो होतो. पोर रांगायला लागली आहे. कुणाचं लक्ष नाही पाहून मी दगडाला बोट लावलं...

चुना ओला होता. घरात चुना आणलेलाच नाही, असं समता म्हणाली.