उघड्या किनाऱ्यावरची होडी

समुद्राच्या पोटात काय चालले आहे, हे दीपगृहाला कळते. मग समुद्रावरच्या होडीलाच ते का कळू नये? हे कोडे वैजूला सुटता सुटत नव्हते.

खोल पाण्यात तरंगणारे यंत्रमानव लाटा मोजून दीपगृहातल्या संगणकाला कळवत. होडीने तो अंदाज मागावा यासाठी वैजू एपीआय (एका यंत्राने दुसऱ्याकडे माहिती मागण्याची ठरलेली रीत) बांधत होती. नारळी पौर्णिमा जवळ आली होती. समुद्राला नारळ वाहिला की सारंगवाडीच्या साऱ्या होड्या एकदमच सुटत, आणि यंदा वैजूची चंद्राआत्या प्रथमच स्वतःची होडी हाकणार होती.

चाचणीत एका होडीला उत्तर चटकन मिळाले. सगळ्या होड्यांनी एकदम विचारताच मात्र संगणकाने मान टाकली.

तंत्रनिकेतनात यंत्रे शिकवून निवृत्त झालेल्या नथूआजोबांनी विचारले, "फ्रेमवर्क (आज्ञावलीचा तयार सांगाडा) कोणतं घेतलंस?"

"सर्वांत मोठं! सगळं आहे त्यात."

"अगं बाय, खाडीत फिरायला गलबत आणलंस की! उन्हावर चालणारा एवढासा संगणक. त्याला हे ओझं पेलेल?"

ते तिला किनाऱ्यावर घेऊन गेले. तिथे नवी होडी आकार घेत होती.

"होडी दार लावून का बांधत नाहीत?" आजोबांनी विचारले.

"दार लावलं तर येता-जाता डोकावणारे भिवाकाका खोड कशी काढणार?" वैजू हसली.

"खोड काढणारे असतात म्हणूनच ती तरते. मुक्त स्रोत (ज्याची मूळ आज्ञावली कुणालाही पाहता, वापरता, सुधारता येते) म्हणजे असाच उघडा किनारा. पण दिसली होडी की बसलो, असं करू नये. आपलं पाणी किती, माणसं किती, ते बघ. आणि फळी निसटली तर धावून येणारं कोणी आहे का, तेही बघ."

वैजूने पुन्हा शोध घेतला. एक हलके फ्रेमवर्क देखणे होते. पण तिथल्या प्रश्नांना कित्येक वर्षांत कुणी उत्तर दिले नव्हते. दुसरे साधेसुधे, तिथे मात्र सकाळीच कुणीतरी कुणाला मदत केली होती. तिने तेच निवडले. आता सगळ्या होड्यांना उत्तरे मिळाली. फक्त संपर्क तुटून पुन्हा जुळला, की जुनाच अंदाज येई. तिने सांगाडा उघडून चुकीची ओळ शोधली आणि तिथल्या मंडळींपुढे प्रश्न टाकला.

उत्तर आले ते बर्फाळ डोंगरातल्या एका शिक्षिकेचे. दुरुस्ती सोबतच होती. खाली लिहिले होते: "मी समुद्र कधी पाहिलेला नाही. तुमच्या होड्या सुखरूप येवोत."

वैजूने दुरुस्ती जोडून पाहिली. संपर्क तुटून जुळला तरी आता ताजाच अंदाज आला.

पौर्णिमेला होड्या सुटल्या. दुपारी क्षितिजाशी लाटा उसळू लागल्या. प्रत्येक होडीवरचे यंत्र एकाच वेळी बोलले आणि सगळ्यांआधी चंद्राआत्याने सुकाणू वळवले. तिच्यामागून सारा ताफा किनाऱ्याला लागला.

"वैजे," ओलीचिंब आत्या ओरडली, "तुझ्या दीपगृहानं हाक मारली गं मला!"

त्या संध्याकाळी वैजूने लाटांचा अंदाज मागणारा आपल्या आज्ञावलीचा भाग सर्वांसाठी खुला केला. तिने कधी न पाहिलेल्या एखाद्या किनाऱ्यावर, कुणाची तरी आत्या उद्या समुद्रावर निघणार होती.