रंगुमावशीची पाळी

मी रक्ताच्या काचपट्ट्या तपासणारा माणूस. सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल तेवढंच खरं मानतो, बाकी सगळ्या बाता. बाहत्तर साली राजूरला, दवाखान्यामागच्या खोलीत, डॉक्टर गुर्जर हिवतापावर लस शोधत होते. मी त्यांच्या हाताखाली.

तिकडे पाळीचा ताप चुकवायची रीत होती. एक दिवसाआड दुपारी ताप यायचा. त्याआधी पोराला शेजारी लपवायचं, अन् त्याच्या अंथरुणात दुसऱ्या कुणी निजायचं. म्हणजे तापाची चुकामूक होते म्हणे! गावातल्या पोरांसाठी रंगुमावशी निजायची. तिची स्वतःची लेकरं तापानंच गेली होती.

"मला काय व्हतंय? माझ्या अंगात लई येऊन गेला त्यो," म्हणायची.

ते मात्र खरं निघालं. तिच्या रक्तातलं सीरम काचनळीत घातलं की जंतू नव्या तांबड्या पेशीत शिरतच नव्हते. यातूनच लस निघणार म्हणून डॉक्टर हरखून गेले. पण दिवाळीआधी मावशी झोपेतच गेली. बर्फाच्या पेटीत तिच्या सीरमची एकच बाटली उरली.

आणि माझ्या लेकीला, पुष्पीला, तापानं धरलं. दिलेली प्रत्येक गोळी ओकायची. तिच्या रक्ताच्या थेंबात जंतू मावत नव्हते. माझा जीव तीळतीळ तुटत होता. पाळीच्या दुपारी शेजारच्या मुक्ताबाईनं तिला उचलून आपल्या घरी नेलं.

"अंथरूण घालून ठिवा, भाऊ. मावशी यील."

"अहो, मावशीला जाळून आलो ना आपण!" मी खेकसलो.

तरी अंथरूण घातलं. बापच मी.

थोड्या वेळानं वाकळ हलल्यासारखी वाटली. वारा असेल.

हात लावला. वाकळ तापली होती.

दुसऱ्या दिवशी पुष्पीनं भाकरी मागितली. तिची काचपट्टी पुन्हा पुन्हा पाहिली. एकही जंतू नाही! सांगायला धावलो, तर डॉक्टर ती बाटली घेऊन बसलेले.

"सीरम काही करेना हो. काल सकाळी तर जंतू अडवत होतं. बर्फ तर होता. नुसतं पाणी झालंय." त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांच्यासमोर हसताही येईना, रडताही येईना.

घरी आलो तर दारात मुक्ताबाई. तिची साळू खांद्यावर कुडकुडत होती.

"पुष्पी बरी झाली न्हवं? मग मावशीला आता आमच्याकडं धाडा, भाऊ."

आत पुष्पी रिकाम्या अंथरुणावर दुसरी वाकळ घालत होती.

"न्हाई येणार ती, काकू," पुष्पी म्हणाली. "मावशीलाच लई थंडी वाजतीया."