निजायची जीप

ही गोष्ट मी रंगवून सांगत नाही. रंगवायचीच असती तर रात्र घेतली असती, अमावस्या घेतली असती. हे घडलं भर दुपारी. साल १९८६, मार्गशीर्ष महिना. जागा परभणीहून गंगाखेडकडे जाताना, पोखर्णीच्या जवळ, रस्त्यालगतच्या एका कडुलिंबाखाली.

ज्यांच्यावर गुदरलं ते माझे सख्खे काका, मल्लिकार्जुनअप्पा. सेलूला त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान. माणूस हौशी, आणि कुणाचं ऐकेल तर शपथ.

शिवम्मा काकूंचा मणका आजाराने पोखरला होता. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेतलं. "आता फार दिवस नाहीत. कुठं न्यायचं तर न्या. पण आडवं न्या. बसवू नका. बसवलं की मणका खचेल."

काकूंना एकच ठिकाण बघायचं होतं. श्रीशैलम.

बसमध्ये आडवं कसं नेणार? मग काकांनी सरकारी लिलावातली एक जुनी फोर-व्हील जीप उचलली. मागची बाकडी काढली. लोखंडी अँगल जोडून पलंगाचा सांगाडा केला. ताडपत्रीचं छत उंच केलं. स्टोव्हला खण, पाण्याचा कॅन, कंदिलाला आकडा. गल्लीतले चिडवायचे, "अप्पा, आता मोरी तेवढी राहिली बगा!"

राहिल्या होत्या पलंगाच्या फळ्या.

तेव्हाच मठातलं जुनं विमान मोडीत निघालं होतं. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. सजवलेल्या विमानात मांडी घालून बसवतात, आणि बसवूनच पुरतात. त्या विमानाच्या बैठकीच्या फळ्या अस्सल सागवानी. काका त्या मागून घेऊन आले.

मुंजाजी सुताराने करवत खाली ठेवली.

"अप्पा, हे लाकूड नगं. हिच्यावर मेलेली माणसं बसलीत."

काका हसले. "मुंजाजी, सुतक तुमच्यात. आमच्यात न्हाई. आमचा गेलेला माणूस शिवाला मिळतो. देवाच्या फळ्या हायत ह्या."

खोटं काहीच नव्हतं त्यात. आम्ही खरंच सुतक पाळत नाही. दुसऱ्या कुणी त्या फळ्यांना हात लावला नसता. काकांनी त्यावर गादी घातली.

निघायच्या दिवशी सकाळी काकूंना उचलून जीपमध्ये निजवलं. पांघरूण घातलं. काका चपला घालायला घरात गेले...

परत आले तर काकू बसलेल्या.

मांडी घातलेली. पाठ ताठ.

"आवं, कशाला बसवलाव मला? लय दुखायलंय."

काका चरकले. पण निघायच्या घाईत त्यांना वाटलं, आजारी माणूस, ग्लानीत उठली असेल. पुन्हा हळूच निजवलं आणि गाडी सुरू केली.

परभणी गेलं. पुढे रस्ता खराब होता, म्हणून पोखर्णीजवळ लिंबाखाली थांबले. काका पुढे बॉनेटजवळ स्टोव्ह पेटवत होते. रानात चिटपाखरू नव्हतं.

मागून आवाज आला...

कर्रर्र.

फळीवरचं वजन सरकावं तसा.

काका धावले. काकू बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काखेत हात घालून उचलायलाव. कळ पार मेंदूपर्यंत गेली. काय बिघडवलं मी तुमचं?"

"शिवम्मा, मी तिकडं व्हतो. स्टोपाशी."

"हात वळखत न्हाई का मी तुमचे?"

 काकांनी सोबत खाटेची नवार, विणायची रुंद सुती पट्टी, आणली होती. काकूंना निजवून छातीवरून, मांड्यांवरून नवारीचे पट्टे घेतले आणि फळ्यांखाली गाठी मारल्या. मायेनं बांधलं, पण बांधलंच. आणि समोर बसून राहिले. डोळ्याला डोळा भिडवून.

काही झालं नाही.

भात करपल्याचा वास आला. ते नुसते वळले...

कर्रर्र.

गाठी तशाच होत्या. पट्टे गादीवर ताठ होते. त्यांच्याखाली कुणी नव्हतं.

काकू पट्ट्यांच्या वर बसल्या होत्या. मांडी घालून.

आता मात्र काका भ्याले. त्यांनी पान्हा घेतला, फळ्या खोलल्या, सगळ्या लिंबाखाली फेकल्या. मुंजाजीचं ऐकायला हवं होतं, असं मोठ्यानं म्हणाले. गादी जीपच्या पत्र्यावरच अंथरली आणि काकूंना निजवलं. त्यांचे पाय गार पडले होते. श्रीशैलम राहिलं. काकांनी जीप परभणीच्या दवाखान्याकडे वळवली.

आता आवाज यायला फळीच नव्हती.

म्हणून आवाज आलाच नाही.

काकांनी सहज आरशात पाहिलं...

काकू हळूहळू उठत होत्या. आधी मान नाही, आधी खांदे. पाळण्यातलं लेकरू कुणी उचलावं तसे.

काकांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. काकूंनाही ते हात दिसत होते. पहिल्यांदाच.

काकू स्टेअरिंगवरच्या त्या हातांकडे बघत राहिल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या,

"आवं... काखेतले हे तुमचेच हात हायत न्हवं?"

काकांनी आयुष्यात त्यांना कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"व्हय," ते म्हणाले. "माझेच हायत. भिऊ नगंस."

"मग बरं," काकू म्हणाल्या. आणि त्यांनी मान मागे टेकवली.

जीपची मागची ताडपत्री वर गुंडाळलेली होती. मागे टेकायला काही नव्हतं. नुसता रस्ता पळत होता.

तरी मान टेकली होती. काकांनी ते आरशात नीट पाहिलं.

दवाखान्याच्या दारात काकूंना उतरवलं तेव्हा त्या गेलेल्या होत्या. बसलेल्याच. विमानात ठेवताना कुणाला मांडी घालावी लागली नाही.

काकूंचा भाऊ चन्नप्पा सगळ्यांसमोर ओरडला, "दाजी! डॉक्टरनं बसवू नका म्हणून सांगितलं व्हतं. कुणी बसवलं माझ्या बहिणीला?"

"मीच," काका म्हणाले.

चन्नप्पांनी त्यानंतर काकांचं तोंड पाहिलं नाही. अर्ध्या सेलूनं पाहिलं नाही. जीप भंगारात गेली. लिंबाखालच्या फळ्या कुणी नेल्या, आज त्यांवर कोण निजतं, मला माहीत नाही. आणि त्या फळ्यांचंच ते होतं असं तरी कसं म्हणू? शेवटी तर त्या गाडीत नव्हत्याच.

खरं काय ते काकांनी फक्त मला सांगितलं, मरणाच्या आधी. मी चिडलो. म्हटलं, "काका, इतकी वर्षं बोल का लावून घेतला? खरं सांगायचं ना!"

काकांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"तिला व्हय म्हणलो रे मी," ते म्हणाले. "ती त्याच्यावर डोकं टेकून गेली. आता न्हाई म्हणलं, तर ती कुणाच्या हातात गेली?"