सामान सांभाळणारी

शटर अर्धंच ओढ रे अपूर्व. बाहेरचा दिवा कौन्सिलचा आहे, त्याचा उजेड फुकट आत येतोय तो येऊ दे. आणि निधी, उद्या पार्कात खायला भडंग नेतेयस ना, तर कमी तिखटाचं ने. रोलर कोस्टरवर तिखट वर येतं. हे अनुभवाने सांगतोय, पण ती गोष्ट निराळी.

आज सांगतो ती अंबरीशची. तुम्ही त्याला ओळखत नाही, आता तो केंब्रिजला असतो. तेव्हा इथेच कॉव्हेंट्रीत होता, मोटारींच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा आणि शनिवारी माझ्याकडे तांदूळ न्यायला यायचा. बायको वरदा, पुण्याची. मुलगी सिया, पाच वर्षांची. दुकानात शिरली की कुणाशी न बोलता थेट राजगिऱ्याच्या वड्यांकडे. तिच्या आईचा हात पर्समध्ये जाईपर्यंत वडी अर्धी संपलेली असायची. असं गिऱ्हाईक मला आवडतं.

दोन हजार तेवीसचा ऑक्टोबर, अठ्ठावीस तारीख, शनिवार. तारीख पक्की आठवते, कारण त्या दिवशी कोजागिरी होती, कोजागिरीला नेमकं ग्रहण होतं, आणि त्याच रात्री इकडची घड्याळं तासभर मागे जायची होती. सकाळपासून फोन. काका, ग्रहणात दूध प्यायचं का? मी म्हणायचो, मसाला माझ्याकडचा असेल तर चालतं.

तर वर उत्तरेला समुद्राकाठी एक गाव आहे. तिथे डॉक्टर श्रीकांत आणि अनुराधाताई राहतात. डॉक्टर तिथल्या हॉस्पिटलात, केस काळे होते तेव्हापासून. कोजागिरीला त्यांच्या बागेत चाळीस-पन्नास माणसं जमतात, आणि दूधमसाला, चारोळी, केशर असा एक खोका मी दरवर्षी पाठवतो. त्या गावाला लागूनच एक पाळण्यांचं मोठं पार्क. हाफ-टर्मचा, म्हणजे शाळांच्या आठवड्याभराच्या सुट्टीचा, पहिला शनिवार, अंबरीश सगळ्यांना घेऊन तिकडेच निघालेला. म्हटलं, एवढा खोका डॉक्टरांकडे टाक. पेट्रोल तुझं, पुण्य माझं.

त्याने टाकला. अनुराधाताईंनी चहा पाजला, रात्री दुधाला यायचं कबूल करून घेतलं, आणि दारात निरोप देताना म्हणाल्या, "आमच्याकडची दोन-तीन कुटुंबं पार्कातच गेलीयत बरं का. मराठी ऐकू आलं की समजा, आपलेच."

त्या एका वाक्यामुळे पुढचं सगळं झालं.

पार्कचं नाव सांगत नाही. त्यांचाही धंदा आहे.

दुपार मजेत गेली. फिरत्या कपबशा झाल्या, हिरव्या अळीची गाडी तीनदा झाली. सिया उतरायलाच तयार नाही. "बाबा, अगेन. माझी पोट हसते," म्हणायची. वरदाने तिला ‘माझं पोट हसतं’ असं एकदा म्हणून दाखवलं आणि दुसऱ्यांदा सोडून दिलं. पोट हसतंय ना, मग व्याकरण कशाला.

पण मोठ्या रोलर कोस्टरचं काय? लाकडी, जुना, साऱ्या गावातून दिसणारा. वरदाला त्याचं वेड. लग्नाच्या आधीपासून ही दोघं जत्रेतला एक पाळणा सोडायची नाहीत. सिया झाली आणि ते बंद पडलं, कारण पोर उंचीच्या पट्टीला टेकत नाही. इकडे त्यावर सोय आहे, पेरेंट स्वॅप म्हणतात. एकाने मूल घेऊन खाली थांबायचं, दुसऱ्याने वर जाऊन यायचं, मग अदलाबदल. सोय चांगली, पण मजा अर्धी. शेजारी ओरडायला आपलं माणूस नसेल तर ओरडून उपयोग काय? पाच वर्षं ही दोघं अशी आळीपाळीने एकेकटी ओरडत होती.

अंधार पडला होता. हॅलोविनचे भोपळे लागले होते. पार्क नऊला बंद व्हायचं, तासभरच उरला होता.

"तू जा आधी," अंबरीश म्हणाला.

"तू जा. घाबरतोस ते लवकर उरकून ये."

"मी घाबरत नाही. मला तुझी किंकाळी शेजारी लागते, माझी त्यात लपते."

"जा गं दोघं," मागून कुणीतरी म्हणालं.

बाकावर एक आजी बसल्या होत्या. फिकट जांभळं पातळ, वरून कुणाचं तरी मोठं जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज, डोक्याला कानटोपी. मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या आपल्या सगळ्या आज्या इथे अशाच दिसतात. आणि मांडीवर सामान. तीन-चार कोट, त्यात एक लहान मुलीचा लाल, दोन पिशव्या, पाण्याची बाटली.

प्रत्येक कुटुंबात असा एक माणूस असतोच. सगळे पाळण्यात आणि हा बाकावर, सगळ्यांचे कोट मांडीवर घेऊन. आमच्या घरी मी. माझी मुलं लहान असताना मी इंग्लंडातली सगळी पार्कं बाकावरून पाहिलीयत. मजा करणाऱ्यांना वेळ कळत नाही. सामान सांभाळणाऱ्याला कळतो.

"आमची मंडळी गेलीयत वर," आजी म्हणाल्या. "येतीलच आता. पोर बसेल माझ्याजवळ."

"अनुराधाताईंकडच्या का तुम्ही?" वरदाने विचारलं.

आजी नुसत्या हसल्या. सरकून जागा केली.

"काका, अनोळखी बाईकडे कसं दिलं पोरीला?" निधी, तू आत्ता विचारतेस, बरोबर विचारतेस. इंग्लिश बाई असती तर दिलं असतं? पोलिसात चौकशी केली असती. पण परमुलखात कुणी ‘जा गं’ म्हणालं की आपण विरघळतो. माझं दुकान त्यावरच चाललंय.

वरदाने पर्स, कोट, दोघांचे फोन बाकावर ठेवले. "सिया, आजीजवळ बसायचं. हलायचं नाही. आम्ही आलोच."

हाफ-टर्मचा शनिवार, आणि क्यू नव्हता. अंबरीशला तेव्हा ते नशीब वाटलं. पुढच्या डब्यात चार-पाच पोरं, मागे ही दोघं. मांडीवरचा बार खाली आला. गाडी साखळीवर चढायला लागली. कट, कट, कट. वरदाने त्याचा हात धरला, पाच वर्षांनी. तो मला म्हणाला, काका, तेवढा वेळ मी खरंच सुखी होतो.

अगदी माथ्यावर पोचली, आणि थांबली.

कर्ण्यावरून कुणीतरी सांगितलं, बसून राहा, थोड्या वेळात सुरू करतो. पुढची पोरं हसली. ही दोघंही हसली. वर मोकळी हवा, एका बाजूला काळा समुद्र, समोर पूर्ण चंद्र आणि त्याची खालची कड जराशी कुरतडलेली.

"ते बघ, आपला बाक," वरदा म्हणाली.

खाली दिव्याच्या गोल उजेडात बाक. त्यावर दोघी शेजारी शेजारी. वरदाने हात हलवला. सियाने हलवला.

मग ती दोघं चंद्र बघत बसली. पुन्हा खाली पाहिलं तेव्हा सिया आजींना टेकली होती. आजी तिच्या हातावर वाकून काहीतरी करत होत्या. वरदा म्हणाली, रमली गं बाई.

वारा वाढला.

पुन्हा पाहिलं. कोट सियाच्या मांडीवर होते. सगळे. आजी उभ्या होत्या.

"अंबरीश."

"पाय मोकळे करत असतील."

आजी चालायला लागल्या. हळूहळू. दिव्याच्या उजेडातून बाहेर गेल्या. मागे वळल्या नाहीत. सिया एकटी. पाय लोंबकळत. मांडीवर कोटांचा ढीग.

वरदाने हाक मारली. मग दोघांनी. खालपर्यंत आवाज जात नव्हता.

"फोन करायचा ना पार्कला," अपूर्व म्हणतोय. अरे, फोन कुठे होते? सामानात.

बार हलत नव्हता. वरदाने तो दोन्ही हातांनी ढकलला. सिया वर बघत नव्हती. ती समोर बघत होती. बाहेर यायच्या गेटकडे. एकटक. पाच वर्षांची पोर कधी एका जागी बसते का? बसली होती.

मग गाडी सुटली. ज्या उतारासाठी इतकी वर्षं वाट पाहिली, तो कसा गेला ते दोघांनाही आठवत नाही. कुणी ओरडलं नाही.

धावले.

बाक तिथेच. सिया तिथेच.

"सिया..."

तिने मान वर केली. बस स्टॉपवर आपण परक्या माणसाकडे बघतो ना, तसं पाहिलं. क्षणभरच. मग ओळख पटली.

"तुम्ही आलेच नाही," म्हणाली.

रडत नव्हती. रडून झालेलं माणूस बोलतं, तशी बोलत होती.

"आलो ना बाळा. चल. दूध प्यायला जायचंय."

"मी कशी येऊ? आजी त्यांना बघायला गेली. मी सामान सांभाळते."

अंबरीशने कोट उचलायला हात घातला. उचलेनात. भिजल्या वाळूसारखे जड. थंड. ओले. दिवसभर पाऊस नव्हता. सियाने दोन्ही मुठींनी ते घट्ट धरले, आणि त्याच्याकडे अशी बघायला लागली की त्याने हात मागे घेतला.

वरदा तिच्या शेजारी बसली.

"दे मला. मी धरते. तू उठ."

सियाने एकेक कोट आईच्या मांडीवर ठेवला. शेवटी लाल. मग उडी मारून उतरली आणि बापाच्या गळ्यात पडली. हलकी, ऊबदार, नेहमीची. त्याचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, "चल गं."

"तू हो पुढे. मी येतेच."

"वरदा."

"कुणाचं तरी सामान आहे रे. टाकून कशी येऊ."

शांतपणे म्हणाली. स्वयंपाकघरातून म्हणावं तसं. तिची नजर गेटकडे होती.

कपबशांचे दिवे गेले.

त्याने तिचा हात ओढला. गार. ओढला जात नव्हता. अळीच्या गाडीचे दिवे गेले. चिप्सवाल्याचे गेले. माणसं दूर, कार पार्ककडे चाललेली, पाठमोरी. एका हातात पोर. दुसऱ्या हातात बायकोचा हात. दोघींपैकी एकीलाच घेऊन जाता येईल, असं त्याला वाटलं. मला सांगताना तो इथेच, या काउंटरला धरून उभा होता...

"वरदा, ऊठ ना."

तिने मांडीवरचा लाल कोट सारखा केला.

"वरदा..."

गेट वाजलं.

आजी आल्या. एकट्या. त्यांनी अंबरीशकडे पाहिलं नाही. वरदाच्या मांडीवरून एकेक कोट उचलला, झटकला, हातावर घेतला. लाल कोट शेवटी. त्याची बटणं लावली. मग बाकाच्या टोकाला बसल्या.

"नाही आली अजून," म्हणाल्या.

मग वरदाकडे वळल्या.

"ऊठ बाई. तुझी माणसं आलीत."

वरदा उठली. पर्स, फोन सगळं जागच्या जागी होतं. अंबरीशने चालायला सुरुवात केली आणि मागे बघायचं नाही असं ठरवलं. वरदा वळली. त्याला तिचा आवाज ऐकू आला, "आजी, थंडी पडलीय. चला आमच्याबरोबर."

बाकावरचा दिवाही गेला होता.

डॉक्टरांच्या बागेत दूध उकळत होतं. चटया अंथरलेल्या, माणसं शाली घेऊन बसलेली, कुणीतरी गात होतं. अंबरीशने सहज विचारल्यासारखं विचारलं, "पार्कातून आजी पोचल्या का?"

"कुठल्या आजी?" अनुराधाताई म्हणाल्या. "आमची मंडळी पाचलाच परत आली. वयस्क कुणी नव्हतंच त्यांच्यात."

त्याने विषय सोडला. वरदाने त्याच्याकडे पाहिलं नाही. बाकावर तुला काय वाटत होतं, असं त्याने गाडीत विचारलं होतं. तेव्हाही ती खिडकीबाहेर बघत राहिली होती. आजतागायत सांगितलेलं नाही.

अनुराधाताई सियाला पेला देत होत्या. पेला गरम, म्हणून तिची बोटं हातात धरून दाखवत होत्या, कुठे पकडायचा ते. दाखवता दाखवता थांबल्या.

"वरदा, शनिवारी नखं कापलीस होय पोरीची? तेही ग्रहणात?"

"मी नाही कापली."

सकाळी निघताना मायलेकींनी नखं रंगवली होती. एकाच बाटलीतून, लाल. दुपारी चहा देताना अनुराधाताईंनीच सियाचे दोन्ही हात धरून कौतुक केलं होतं.

वरदाने आधी आपला हात कंदिलाखाली धरला. रंग होता. पण मुळापासून निम्मं नख कोरं. वर वाढलेलं. दोन-अडीच महिन्यांत नख वाढतं आणि रंग पुढे सरकतो, तसा सरकलेला.

ती त्या बाकावर पाच मिनिटं बसली होती.

मग तिने सियाची मूठ उघडली.

दहाही नखं कोरी. गोल, नीट... आजीने नातीची कापावीत तशी कापलेली. आणि अगदी टोकाला, केसाएवढी, लाल रेघ.